आकाश खांद्यावर घेऊन ओसाकाला : इटली आपली संस्कृती परदेशी कशी नेते?

रानजाई

आम्ही कोबेला राहतो. २०२५ च्या सप्टेंबरात ओसाकाच्या जागतिक एक्स्पोमध्ये मी आणि माझी नववीतली लेक इटलीच्या दालनाबाहेर साडेतीन तास रांगेत उभ्या होतो. ऊन मी म्हणत होतं. आमच्या पुढे ऐंशीच्या घरातल्या एक जपानी आजी होत्या, घडीच्या स्टुलावर बसत-उठत सरकत होत्या. त्यांची ही तिसरी खेप. आत एवढं काय आहे, असं विचारल्यावर म्हणाल्या, "त्याची पाठ बघायची राहिली आहे."

तो म्हणजे ओझं पेलणाऱ्या ग्रीक पुराणपुरुषाचा पुतळा, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातला फार्नेसे अ‍ॅटलास. संगमरवरी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, वजन सुमारे दोन टन. एक गुडघा टेकलेला, मान ओझ्याखाली वाकलेली आणि खांद्यावर ६५ सेंटिमीटर व्यासाचा गोल. हा गोल पृथ्वीचा आहे असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटत होतं. तो आकाशाचा आहे. त्यावर चाळीसहून अधिक तारकासमूहांच्या आकृत्या उठावात कोरल्या आहेत, विषुववृत्त आणि क्रांतिवृत्ताच्या (सूर्याच्या वर्षभराच्या वाटेच्या) रेघाही आहेत. तारा मात्र एकही नाही, फक्त आकृत्या. त्या रेघांच्या संदर्भात आकृत्या कुठे आहेत हे मोजून, हे आकाश नेमकं कोणत्या काळातलं, यावर अभ्यासक आजही भांडतात. प्राचीन ग्रीक खगोलज्ञ हिप्पार्कसच्या हरवलेल्या तारायादीवरून हा गोल कोरला असावा, असं २००५ मध्ये एका अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने मांडलं आणि इतरांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला.

लेकीला संग्रहालयं आवडत नाहीत, तारे आवडतात. ती गोलाभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "आई, हे उलटं आहे. मेषेच्या डावीकडे वृषभ पाहिजे, इथे उजवीकडे आहे." मग तिचं तिलाच उमगलं. आपण आकाश आतून बघतो, हा गोल बाहेरून बघायचा आहे. गोलाच्या माथ्यावर खळगा पडलेला आहे, त्यामुळे सप्तर्षी आणि ध्रुवाजवळचं लहान अस्वल नाहीसं झालंय, हेही तिनेच दाखवलं. मी तोवर त्याच्या पाठीचे स्नायू बघत होते. मी शिल्प बघत होते, ती नकाशा बघत होती, आणि वस्तू एकच होती.

त्याच इमारतीत लिओनार्दोच्या 'कोडेक्स अटलांटिकस' या चित्रं-टिपणांच्या संग्रहाची मूळ पानं होती, १९२० साली रोमहून टोकियोला उडत आलेल्या विमानाची प्रतिकृती होती, आणि व्हॅटिकनने आणलेलं कराव्हाज्जोचं ख्रिस्ताच्या दफनाचं चित्र होतं. मारिओ कुचिनेल्ला या वास्तुकाराने सगळी इमारत लाकडात बांधून तिला रेनेसान्स काळातल्या आदर्श नगराचा घाट दिला होता. 'कला जीवनाला नवी पालवी देते' असं काहीसं दालनाचं घोषवाक्य होतं. मला मात्र वेगळीच गोष्ट भिडली. इथे चित्र एका खोलीत आणि यंत्र दुसऱ्या खोलीत असं नव्हतं.

घरी आल्यावर वाचत गेले. इटलीच्या सांस्कृतिक संस्था जगभर ऐंशीहून जास्त शहरांत आहेत आणि त्या चालवतं त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. म्हणजे हे सगळं ठरवून चाललेलं काम आहे. इथे कुणी इटालियन शिकलंय, तिथे राहिलंय, त्यांच्या कार्यक्रमांना गेलंय? चित्रपट-पास्ता-फॅशन यापलीकडे तुमच्यापर्यंत काय पोचलं, ते लिहा. अ‍ॅटलास एक्स्पोनंतरही ओसाकातच होता, तेन्नोजीच्या कला संग्रहालयात, १२ जानेवारी २०२६ पर्यंत. आम्ही परत जायचं ठरवलं.

ओवी

वाचनखूण साठवली. मी पुण्यात सहा वर्षं इटालियन शिकले, आता शिकवते, म्हणून भाषेच्या बाजूने लिहिते.

या संस्थांच्याही आधी 'दान्ते अलिगिएरी सोसायटी' आहे. कवी कार्दुच्ची आणि त्यांच्या सोबत्यांनी ती १८८९ मध्ये काढली. तेव्हा लाखो गरीब इटालियन बोटीत बसून अमेरिका, अर्जेंटिना, ब्राझीलला चालले होते, त्यांची भाषा टिकावी हा हेतू. म्हणजे सुरुवातीला 'परदेशात प्रसार' हा परक्यांसाठी नव्हता, आपल्याच दूर गेलेल्या माणसांसाठी होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता वर्षभराचं एक वेळापत्रकच असतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात इटालियन भाषा सप्ताह, २००१ पासून. नोव्हेंबरात खाद्य सप्ताह, २०१६ पासून. मग डिझाइनचा दिवस, सिनेमाचे दिवस. आणि १५ एप्रिलला 'जगातील इटालियन संशोधनाचा दिवस', २०१८ पासून. १५ एप्रिलच का, तर १४५२ साली त्या दिवशी लिओनार्दो जन्मला. संशोधनाच्या दिवसासाठी त्यांनी 'मोना लिसा'वाल्याचा वाढदिवस निवडला आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. रानजाई, तुम्ही म्हणता ते इथेही दिसतं.

भाषा सप्ताहाची कल्पना ज्या संस्थेची, ती अकादेमिया देल्ला क्रुस्का. फ्लॉरेन्सला १५८३ मध्ये सुरू झाली, १६१२ मध्ये कोश छापला. क्रुस्का म्हणजे कोंडा. चांगले शब्द ठेवायचे आणि कोंडा चाळून काढायचा म्हणून संस्थेचं चिन्ह पीठ चाळायचं यंत्र. पहिल्या तासाला मी वर्गात चाळण घेऊन जाते. त्यानंतर क्रुस्का हा शब्द कुणी विसरत नाही.

खगोलवेडा

रानजाईताई, तुमच्या लेकीला शाबासकी सांगा. खगोलगोल उलटा असतो हे समजायला मला अकरावी उजाडावी लागली होती.

विज्ञानाच्या बाजूने तीन गोष्टी लिहितो, त्यातली एक वृषभेपाशी जाते.

पहिली केनियातली. मालिंदीजवळच्या समुद्रात इटलीने सान मार्को नावाचा तरंगता तळ उभारला, लुईजी ब्रोल्यो यांच्या पुढाकाराने. तिथून १२ डिसेंबर १९७० रोजी अमेरिकेचा एक उपग्रह सुटला, जगातला पहिला खास क्ष-किरण खगोलशास्त्रासाठीचा. तो दिवस केनियाच्या स्वातंत्र्याचा वर्धापनदिन. म्हणून त्याचं नाव ठेवलं 'उहुरू', स्वाहिलीत स्वातंत्र्य. या प्रकल्पाचे प्रमुख रिक्कार्दो ज्याक्कोनी मूळचे जेनोव्हाचे, पुढे २००२ चं नोबेल त्यांना मिळालं. इटालियन तळ, अमेरिकी उपग्रह, आफ्रिकी नाव. मला विचाराल तर हा त्या काळातला सगळ्यात सुंदर सांस्कृतिक कार्यक्रम होता, जरी कुणी त्याला तसं म्हटलं नाही.

दुसरी आपल्याकडची. २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी८ या रॉकेटने इटलीचा 'अजिले' हा ३५२ किलोचा उपग्रह वर नेला. गॅमा किरण टिपणारा. इस्रोसाठी ते पूर्णपणे व्यावसायिक असं पहिलं मोठं उड्डाण. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आम्ही पाच जण एका छोट्या टीव्हीसमोर बसून ते पाहिलं. पुढे या अजिलेने दाखवून दिलं की खेकडा तेजोमेघ (स्फोट झालेल्या ताऱ्याचा अवशेष), ज्याला सगळे स्थिर दिवा मानून त्याच्यावरून आपली उपकरणं जुळवत असत, तो मध्येच भडकतो. हा तेजोमेघ वृषभेच्या शिंगाच्या टोकाशी आहे, म्हणजे तुमच्या अ‍ॅटलासच्या गोलावर जो बैल कोरलाय त्याच्या शिंगाशी. त्या शोधासाठी मार्को तावानी आणि अजिलेच्या गटाला २०१२ चा ब्रूनो रॉस्सी पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अजिले वातावरणात शिरून जळून गेला. सतरा वर्षं चालला.

तिसरी लहान आहे. इटालियन अंतराळवीर सामान्था क्रिस्तोफोरेत्ती अंतराळ स्थानकावर होत्या तेव्हा, एप्रिल २०१५ मध्ये, त्यांनी तिथून महाकवी दान्तेच्या 'पारादीझो' (स्वर्ग) या काव्यातला उतारा वाचला. दान्तेच्या जन्माला ७५० वर्षं झाली होती. नऊ-दहा दिवसांनी, ३ मे रोजी, त्यांनी अंतराळातली पहिली एस्प्रेसो प्यायली. त्यासाठी खास यंत्र बनवलं होतं, कारण वजनरहित अवस्थेत तापलेलं पाणी दाबाखाली ठेवणं हे धोक्याचं काम, प्लास्टिकच्या नळीऐवजी पोलादी नळी घालावी लागली. आणि कप असा की कडेच्या खाचेतून द्रव केशाकर्षणाने आपोआप ओठापर्यंत चढतो. मी शाळांमध्ये जातो तेव्हा केशाकर्षण शिकवायला हाच कप सांगतो. मुलं आधी कॉफीवर हसतात, मग फळ्यावर त्या खाचेची आकृती काढायला लागतात.

शेवंती

धागा फारच आवडला. अजिलेचं मला माहीतच नव्हतं, आणि मी तेव्हा चेन्नईत राहत होते!

तर्ककर्कश

सगळं वाचलं. मनापासून लिहिलं आहे सगळ्यांनी, तरी एक बाजू राहते आहे ती मांडतो.

परदेशातल्या इटालियन संस्कृतिसंस्थांचा पहिला कायदा डिसेंबर १९२६ चा आहे. मुसोलिनी सत्तेवर येऊन चार वर्षं झाली होती. १९३० च्या जानेवारीत लंडनला रॉयल अ‍ॅकॅडमीत इटालियन कलेचं जे प्रचंड प्रदर्शन झालं, त्यासाठी त्याने 'व्हीनसचा जन्म' हे बोत्तिचेल्लीचं चित्र, जोर्जोनेचं 'वादळ', दोनातेल्लोचा 'डेव्हिड' हे सगळं एकाच जहाजात घालून पाठवलं. जहाजाचं नाव होतं 'लिओनार्दो दा विंची', आणि वाटेत ते खऱ्याखुऱ्या वादळात सापडलं. ते बुडालं असतं तर काय, याचा विचार करून पाहा. पाच लाखांहून जास्त माणसांनी ते प्रदर्शन पाहिलं. लंडनची माणसं बोत्तिचेल्ली पाहून बाहेर पडली, आणि ज्याने पाठवला त्याच्याबद्दल चार बरे शब्द बोलू लागली. हाच तर हेतू होता.

१९३९ मध्ये मिलानला लिओनार्दोच्या यंत्रांचं भव्य प्रदर्शन भरलं, कला आणि विज्ञान अगदी हातात हात घालून. त्याच्याच आदल्या वर्षी ज्यूंविरुद्धचे वंशकायदे आले होते. पदार्थवैज्ञानिक एन्रिको फर्मींची पत्नी ज्यू होती, ते १९३८ मध्ये नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेले ते परत आलेच नाहीत. खगोलवेडा, तुम्ही ज्यांच्या नावाचा पुरस्कार लिहिलात ते ब्रूनो रॉस्सी पादुआत प्राध्यापक होते. त्यांनाही त्याच वर्षी नोकरी आणि देश दोन्ही सोडावे लागले. मेलेल्या शास्त्रज्ञाच्या यंत्रांचे नमुने मांडायचे आणि जिवंत शास्त्रज्ञांना हाकलायचं, हे एकाच सरकारने एकाच वेळी केलं.

आजचं इटली वेगळं आहे, आजच्या संस्था १९९० च्या कायद्याने चालतात, हे मला मान्य आहे. पण परराष्ट्र मंत्रालय चित्र पाठवतं तेव्हा ते चित्र फक्त चित्र नसतं. रांगेत उभं राहावं, डोळे भरून बघावं आणि हे लक्षात ठेवावं.

रानजाई

तर्ककर्कश, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. रॉस्सींचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

वस्तू धोक्यात घालण्याबद्दल खुद्द इटलीतच भांडण होतं, एवढं मात्र सांगते. २००७ मध्ये फ्लॉरेन्सच्या उफ्फित्सी कलादालनातलं लिओनार्दोचं 'अनन्सिएशन' टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणलं. तेव्हा एका इटालियन सिनेटरने उफ्फित्सीच्या दारालाच स्वतःला साखळीने बांधून घेतलं होतं, चित्र जाऊ नये म्हणून. चित्र आलं, सुखरूप परत गेलं. माझ्या शेजारच्या काकूंनी ते तेव्हा टोकियोला जाऊन पाहिलं होतं आणि त्या अजून त्यातल्या देवदूताच्या पंखांबद्दल बोलतात. लिओनार्दोने पक्ष्याचे पंख अभ्यासून ते रंगवले, असं त्या सांगतात. मला त्या सिनेटरचंही पटतं आणि काकूंचंही.

म्हापशेकार

गोव्यातून लिहितो. इटलीची कला बघायला ओसाकाला जायला नको, जुन्या गोव्याला या.

बॉं जेझूस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी ज्या चौथऱ्यावर आहे, तो चौथरा फ्लॉरेन्सचा. तुस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची, त्याला संताच्या डोक्याखालची उशी मिळाली. त्याची परतफेड म्हणून त्याने आपल्या दरबारचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून संगमरवर आणि रंगीत दगडांचं हे काम करून घेतलं. सुमारे दहा वर्षं लागली. सुटे भाग जहाजाने आले आणि १६९८ मध्ये इथे जोडले गेले. खाली कांस्याच्या चार पट्ट्या आहेत, संताच्या आयुष्यातले प्रसंग. नोव्हेनाच्या (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या) गर्दीत त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी लहानपणापासून तिथे जातो आणि त्या दगडांवर हात फिरवावासा वाटतो, पण दोरी असते.

आता तुमच्या कला-विज्ञानाच्या गोष्टीत बसणारा धागा. याच फोज्जिनीचा मुलगा विन्चेन्झो याने फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचेमध्ये गॅलिलिओच्या समाधीवरची 'खगोलशास्त्रा'ची मूर्ती घडवली. गॅलिलिओ १६४२ मध्ये वारला, चर्चने त्याला मानाची समाधी मिळू दिली नाही, ती १७३७ मध्ये झाली. बापाने गोव्याच्या संताचा चौथरा घडवला, मुलाने चर्चने दोषी ठरवलेल्या शास्त्रज्ञाच्या समाधीवर काम केलं. एकाच कारखान्याचा हात.

आणखी एक. फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती. १५८३ मध्ये भारतात आला, गोव्यात राहिला, १५८८ मध्ये गोव्यातच वारला. मिरीचा व्यापार करायचा आणि घरी लांबलचक पत्रं लिहायचा, त्यात झाडं, औषधी, वारे, सगळं. एका पत्रात त्याने लिहून ठेवलं की इथल्या पंडितांच्या संस्कृतात आणि आपल्या इटालियन भाषेत पुष्कळ शब्द सारखे आहेत, विशेषतः सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, आणि देव, साप हे शब्द. इटालियनमध्ये सेइ, सेत्ते, ओत्तो, नोव्हे. दिओ. सेर्पे. संस्कृत आणि युरोपी भाषांचं नातं सांगणाऱ्या विल्यम जोन्सच्या भाषणाच्या दोनशे वर्षं आधी. त्याला कुणी संस्कृतीचा प्रसार करायला पाठवलं नव्हतं. तो नुसता कान देऊन ऐकत होता.

ओवी

म्हापशेकार, अहो, १५८३! ज्या वर्षी क्रुस्का स्थापन झाली त्याच वर्षी सास्सेत्ती भारतात. शब्द चाळायची चाळण फ्लॉरेन्सला आणि शब्द वेचणारा माणूस गोव्यात. पुढच्या बॅचला पहिल्या तासाला हे सांगणार.

शेवंती

सात-सेत्ते, आठ-ओत्तो, नऊ-नोव्हे. नातवाला म्हणून दाखवलं, त्याला वाटलं मी बोबडं बोलतेय. मग दोघांनी मिळून दहापर्यंत पाठ केलं. दिएची.

चाकोरीबाहेर

मी पदार्थविज्ञानात संशोधन करतो, विद्यार्थी असताना दोनदा इटलीतल्या त्रिएस्ते शहरात गेलो आहे. तर्ककर्कश यांच्या मुद्द्याला माझ्याकडे एक उत्तर आहे, पण ते दालनातलं नाही.

त्रिएस्तेजवळ मिरामारेला, समुद्राच्या अगदी काठावर, सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, आयसीटीपी. १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांनी ते उभं केलं, पाकिस्तानचे, १९७९ चे नोबेल मानकरी. त्यांची वेदना अशी होती की केंब्रिजहून लाहोरला परतल्यावर संशोधन करायला ना सोबत होती ना ग्रंथालय. एक तर देश सोडा, नाही तर विज्ञान सोडा. म्हणून अशी जागा हवी होती की गरीब देशांतला शास्त्रज्ञ दर काही वर्षांनी तिथे येईल, काही आठवडे जगातल्या उत्तम लोकांत राहील, आणि परत आपल्या देशात जाईल. यासाठीची सहयोगी सदस्यत्वाची योजना त्यांनी अगदी सुरुवातीपासून ठेवली. खर्चाचा सिंहाचा वाटा इटलीचं सरकार उचलतं, आज साठ वर्षं झाली. हे केंद्र ज्या शहरात आहे ते दुसऱ्या महायुद्धानंतर नऊ वर्षं इटलीकडे नव्हतंच, सरहद्दीच्या भांडणात अडकलं होतं. अशा शहराने जगाला बोलवायचं ठरवलं.

मी गेलो तेव्हा माझ्या खोलीत नायजेरियाचा एक मुलगा होता आणि समोरच्या खोलीत व्हिएतनामची मुलगी. कुणीही आम्हाला इटलीचं कौतुक करायला सांगितलं नाही. व्याख्यानात दान्ते नाही, भिंतीवर लिओनार्दो नाही. पण दुपारी आम्ही काठावरच्या दगडांवर बसून गणितं सोडवायचो आणि जवळच्याच टपरीवर कॉफी प्यायचो. संध्याकाळी शहरात ज्या घरी मला जेवायला बोलावलं, त्या आजींनी उकडलेल्या बटाट्यांचे न्योक्की हाताने वळून दाखवले. इटालियन मी तिथेच थोडी शिकलो, कारण शिकावीशी वाटली.

आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट. या केंद्राचे संचालक म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये अतिश दाभोलकर आले. गडहिंग्लजला जन्मलेले. त्यांचे वडील म्हणजे 'प्रयोग परिवार'वाले श्री. अ. दाभोलकर, ज्यांनी शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करायला शिकवलं. कोल्हापूरच्या मातीत घरच्या अंगणात विज्ञान करणाऱ्या माणसाचा मुलगा आद्रिआतिक समुद्राच्या काठावर बसून जगभरच्या शास्त्रज्ञांची सोय बघतो. होमी भाभाही तरुणपणी, १९३० च्या दशकात, रोमला फर्मींकडे काम करून आले होते, आणि भाभा उत्तम चित्रं काढायचे हे आपण सगळे जाणतो.

म्हणून मला वाटतं, वस्तू पाठवणं ही एक रीत, आणि जागा देणं ही दुसरी. दुसरीला रांग लागत नाही, फोटो निघत नाहीत. माझ्यावर परिणाम तिचा झाला.

तर्ककर्कश

चाकोरीबाहेर, या उत्तराला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. सहमत.

जाता जाता मुंबईतल्या एका गोष्टीची आठवण देतो. एशियाटिक सोसायटीत, टाउन हॉलच्या त्या मोठ्या पायऱ्या चढून गेल्यावर, दान्तेच्या 'दिव्हिना कोम्मेदिआ'चं चौदाव्या शतकातलं हस्तलिखित आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दिलेलं. मुसोलिनीने ते विकत मागितलं होतं आणि सोसायटीने नाही म्हटलं, अशी गोष्ट मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ते मुंबईतच राहिलं याचा मला आनंद आहे.

दर्यावर्दी

व्यापारी जहाजावर बावीस वर्षं काढली, आता घाटकोपरला असतो. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर इटलीच्या नौदलाचं 'अमेरिगो व्हेस्पुच्ची' मुंबई बंदरात आलं होतं, जगप्रदक्षिणेत. १९३१ साली कास्तेल्लाम्मारेला पाण्यात उतरलेलं, तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. अजूनही कॅडेट त्यावरच शिकतात. सोबत धक्क्यावर 'व्हिलाज्जो इतालिया' म्हणून मांडव होते, संगीत, खाणं, वगैरे. ते ठीक होतं.

मी मात्र डेकवर गेलो आणि तिथेच राहिलो. दोरखंड सगळे वनस्पतीच्या तंतूंचे, कृत्रिम एकही नाही, मिळून ३६ किलोमीटरच्या आसपास. शिडं जाड कॅनव्हासची. हुकूम अजून बोसनच्या (खलाशांच्या मुकादमाच्या) शिट्टीवर, तोंडाने नाही. पितळ असं लखलखत होतं की माझ्या जुन्या सेरांगला पाहून रडू आलं असतं. एका विशीतल्या कॅडेट पोरीला मी विचारलं, जीपीएस असताना हे कशाला? ती म्हणाली, वारा कळायला. मी तिला सांगितलं की आमच्या रत्नागिरीकडचे तांडेल अजून वाऱ्याला नावाने ओळखतात. तिने नावं विचारली. मी सांगितली, तिने वहीत लिहून घेतली. मग तिने भूमध्य समुद्रातल्या वाऱ्यांची नावं सांगितली, मी लिहून घेतली. मिस्त्राल, शिरोक्को, लिबेच्चो, ग्रेकाले. वीस मिनिटं आम्ही तेवढंच करत होतो.

रानजाई

दर्यावर्दीकाका, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. सास्सेत्तीने जे पत्रात केलं तेच तुम्ही दोघांनी डेकवर केलंत.

धाग्याच्या सुरुवातीला मी म्हणाले होते की इटली चित्र आणि यंत्र वेगळं करत नाही, म्हणून जमतं. तुम्हा सगळ्यांचं वाचून मला ते अर्धंच वाटतंय. आजी तिसऱ्यांदा पाठ बघायला आल्या, लेकीने उलटा वृषभ स्वतः शोधला, कॅडेटने वही काढली. दाखवणारा गप्प बसला आणि बघणाऱ्याच्या हाताला काही तरी काम उरलं, तिथे ते पोचलं. १० डिसेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्यावर युनेस्कोच्या बैठकीत इटालियन पाककलेची वारसा यादीत नोंद झाली, त्याच दिवशी आपल्या दिवाळीचीही झाली. बातमी वाचून मला बरं वाटलं. पण त्या न्योक्की वळणाऱ्या आजी जास्त लक्षात राहतील.

हे सगळं विचारण्यामागे माझं एक कारण होतं, ते आता सांगते. आमच्याकडे मराठी मंडळी संक्रांतीला जमतात. हळदीकुंकू, तिळगूळ, गाणी. दरवर्षी छान होतं. दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं, सण सूर्याच्या राशीवरून ठरतो, तर मुलांना थोडं आकाश दाखवूया. तेव्हा कार्यक्रमात वेळ नाही असं उत्तर मिळालं आणि मी विषय सोडून दिला. यंदा लेकीने सोडला नाही. तिने पुठ्ठ्याचा ६५ सेंटिमीटरचाच गोल केलाय, अ‍ॅटलासच्या मापाचा. त्यावर नक्षत्रांची नावं मराठीत, बाजूला जपानीत. मृग, रोहिणी, कृत्तिका. कृत्तिकांना जपानीत सुबारु म्हणतात, हे इथल्या प्रत्येक मुलाला मोटारीमुळे ठाऊक असतं. काही आकृत्या तिने मुद्दाम कोऱ्या ठेवल्यात, येणाऱ्या मुलांनी काढायच्या. आणि माथ्यावर, जिथे मूळ गोलाला खळगा आहे, तिथे सप्तर्षी सगळ्यात शेवटी, सगळ्यांनी मिळून.

त्यानंतर बाहेर जाऊन खरे बघायचे, असा बेत आहे. खगोलवेडा, जानेवारीच्या मध्यात किती वाजता दिसतील?

खगोलवेडा

तुमच्या अक्षांशावर तेव्हा रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी ईशान्येला उभे राहायला लागतात, पुढचे तारे वर आणि शेपूट खाली क्षितिजाशी. दहापर्यंत सातही नीट वर येतात. पण कोबेला उत्तरेकडे रोक्कोचा डोंगर आडवा येईल, शहराचा उजेडही असणार. शक्य असेल तर समुद्राकडच्या बाजूला, भरावाच्या बेटावर जा, तिथून डोंगर जरा बुटका दिसतो. मुलांना नऊला आधी डोक्यावरचा वृषभ दाखवा, रोहिणी ठळक दिसेल, आणि खऱ्या आकाशात तो मेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते त्यांनाच विचारा. तोवर सप्तर्षी वर येतात. गरम काहीतरी थर्मासमध्ये घ्या, जानेवारीत तिथे वारा बोचतो.